ठप्पा सरळ बसला तर

माझ्या नातीला तान्हेपणी ज्या दुपट्यात गुंडाळायचे, ते आता तिच्या बाहुलीच्या अंगावर असतं. परवा ते उलगडून तिनं विचारलं, "आजी, यावरची फुलं रडल्यासारखी का दिसतात गं?"

"फुलं नाही रडली. ती छापणारी रडली होती. आणि होती चांगलीच बावळट."

त्या बावळट बाईचं वय तेव्हा बावन्न. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली तिला जयपूरला घेऊन आली होती. मुलगी शिकायला पुण्यात, आणि ही तिथल्या दुर्गापुऱ्यातल्या भाड्याच्या घरात दिवसभर एकटी. एका सकाळी नवऱ्याला चहा देताना कप बशीत किणकिणला. खाली ठेवला, आवाज थांबला. उचलला, परत किणकिण. उजवा हात, अंगठ्यापाशी थरथर.

ती बाई म्हणजे मीच. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी बशी वाजायला लागली, मग शर्टाची बटणं लागेनात. शेवटची दोन वर्षं आई त्यांना भात भरवायची आणि ते आईकडे न बघता भिंतीकडे बघत घास घ्यायचे. मी माहेरी गेले की त्या खोलीच्या दारातूनच बोलायचे आणि मिळेल त्या पहिल्या गाडीनं परत यायचे. आता बशीचा आवाज ऐकला आणि मला ती भिंतच दिसली. तिचा पोपडा कुठे निघाला होता ते सुद्धा.

शहाणी बाई डॉक्टरकडे गेली असती. मी सगळ्या बश्या माळ्यावर टाकल्या आणि स्टीलच्या पेल्यातून चहा द्यायला लागले.

"बश्या कुठे गेल्या?" यांनी विचारलं.

"इकडे कोणी बशीतून पीत नाही हो."

"मी पितो की!"

"मग प्या फुंकर मारून."

डॉक्टरनं नाव सांगितलं की आजार खरा होतो, हे माझं त्या वेळचं वैद्यकशास्त्र. रात्री उशीखाली हात दाबून झोपायचे. सुई ओवायची वेळ आली की चष्म्याला दोष द्यायचे.

महिनाभर आधीपासून मी जयपूरजवळच्या बगरू गावी ठप्पेछपाई शिकायला जात होते. हळदीकुंकवाला भेटलेल्या एका बाईनं ओळख करून दिलेले सत्तरीचे बाबा तिथे शिकवायचे. बसनं तासाभराचा रस्ता. लाकडी ठप्पा रंगाच्या गादीवर टेकवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीनं ठोकायचा. मागच्या फुलाच्या कडेला पुढचं फूल. त्यात मी इतकी रमायचे की दुपारचा डबा परतीच्या बसमध्ये उघडायचे.

बशी वाजल्यावर मात्र माझ्या डोक्यात एक भन्नाट युक्ती आली. अडीच मीटर कापड छापायचं. सगळ्या ओळी सरळ आल्या, तर मला काही झालेलं नाही. वाकड्या आल्या, तर झालंय. देवीला कौल लावावा तसा मी कापडाला लावला. कुणाला सांगितलं नाही, पण मनात तो अगदी पक्का होता.

आता त्या छपाईची गंमत अशी, की लाल रंग छापताना लाल दिसतच नाही. तुरटीचा लेप छापतात. हिरड्यात भिजवलेल्या पिवळट कापडावर तो जेमतेम मातकट उमटतो. मग काही दिवस वाळवायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं आणि त्यानंतर मंजिष्ठेच्या मुळांसोबत उकळायचं, तेव्हा कुठे खरा लाल येतो. म्हणजे निकाल आठवड्यानं. त्या दिवशी मी दात आवळून छापलं. एकही फूल बघितल्याचं आठवत नाही, फक्त माझा अंगठा आठवतो.

बाबा म्हणाले, "बहनजी, आज छाप रही हो कि साँप पकड़ रही हो?"

आठवडा कोण थांबणार? कापड पिशवीत कोंबून मी घरी आणलं. जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याकडून मंजिष्ठेची मुळं आणली आणि दुसऱ्या सकाळी हे ऑफिसला गेल्यावर पुरणाच्या पातेल्यात कापड उकळत ठेवलं. न धुता! झाकण काढून बघायचं धाडस होईना. ओट्याशी उभी राहून मी आईला, वडिलांना, गणपतीला, जमेल त्याला हाक मारत होते.

शेवटी चिमट्यानं कापड वर ओढलं. लाल आला होता, आणि प्रत्येक फूल थरथरत होतं. कडा पसरलेल्या, पाकळ्या एकमेकींत घुसलेल्या. एक, फक्त एक फूल सरळ मिळावं म्हणून मी अडीच मीटर चाचपलं. नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसले. हात आता इतका हलत होता की बांगड्या वाजत होत्या.

जेवायला घरी आलेल्या नवऱ्याला ओट्यावर लाल पातेलं आणि खाली रडणारी बायको दिसली. त्यांना वाटलं, भाजलं. मग सगळं सांगितलं. बश्यांपासून.

दिवसभर परक्या लोकांना 'घरात कुणाला काही आजार?' विचारून फॉर्म भरणारा माणूस तो. माझ्या शेजारी फरशीवर बसला. मग म्हणाला, "मला विचारायचं सुचलं नाही गं." त्यांचा चेहरा बघून मी आणखी घाबरले. तोवर मला वाटत होतं, भीती फक्त माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी हे रजा टाकून माझ्याबरोबर बगरूला आले. बाबांनी ते कापड बघितलं आणि सुनेला हाक मारली, "अरे देख, मराठन ने बिना धोए उबाल दिया!" दोघं पोटभर हसले. न धुतलेली तुरटी पाण्यात सुटते आणि वाटेल तिथे लाल करते. म्हणजे माझ्या कौलानं हाताबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या उतावीळपणाबद्दल मात्र सगळं सांगितलं होतं.

"पण बाबा, हाथ हिलता है मेरा," मी म्हटलं. पहिल्यांदाच परक्या माणसापुढे.

त्यांनी ठप्पा उचलून गादीकडे नेला. त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त हलत होता. ठप्पा गादीच्या लाकडी चौकटीवर टकटक वाजला. मग कापडाला टेकला, स्थिर झाला, आणि ठोका. फूल सरळ.

"हवा में हिलता है," ते म्हणाले. "हवा में थोड़े ही छापना है."

महिनाभर मी त्यांच्यासमोर बसत होते. ती टकटक मला एकदाही ऐकू आली नव्हती. आधी मी माझ्या फुलांत गुंग, आणि मग माझ्या अंगठ्यात.

बगरूहून थेट डॉक्टरकडे. त्यांनी मला चालवलं, लिहायला लावलं, भरलेला पेला धरायला लावला. म्हणाले, वडिलांचं ते हे नाही. पण थरथर राहणार, वयाबरोबर वाढेलही. मी दोनदा विचारलं. मग तिसऱ्यांदा यांनी विचारलं.

घरी आल्यावर यांनी स्टुलावर चढून माळ्यावरच्या बश्या काढल्या. ते कापड मी जपून ठेवलं, आणि नात झाली तेव्हा त्याचंच दुपटं शिवलं.

आज माझी बशी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत वाजत जाते. "आली वाटतं," पेपरामागून आवाज येतो. डॉक्टर म्हणाले ते खरंच ठरलं, तरी अजूनही काही सकाळी कप उचलताना मला ती पोपडा निघालेली भिंत दिसते. मग मी आधी बशी ओट्यावर टेकवते, कप तिच्यात बसवते आणि पुढचं पाऊल टाकते. थोडा सांडतो. सांडलेला हे बशीतून पितात.