सगळ्यांच्या मागे राहणारा

शहापूरहून टोकावड्याला जाऊन परतणाऱ्या आमच्या सायकल गटात एकाने कायम सर्वांच्या मागे राहायचे, असा नियम आहे. त्या रविवारी हे काम साठीच्या एका गृहस्थांकडे होते. त्यांचे नाव मी विचारले नाही.

परतीच्या चढावर माझ्या पायांतला जोर संपला. सायकल सोबतच्या टेम्पोत टाकावी की फेरी पूर्ण करावी, हे ठरेना. मी थांबलो की तेही थांबत. चेन तपासत, चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघत. "चला" असे एकदाही म्हणाले नाहीत.

"तुम्ही पुढे व्हा. मी टेम्पोतून येतो," मी म्हटले.

"मंग मी कोनाच्या मागं ऱ्हाऊ? टेम्पोच्या? धूर खायाला लावता काय, सायेब!"

मला हसू आले आणि मी पुन्हा पेडल मारले.

शहापुरात, फेरी जिथे संपते त्या हॉटेलसमोर, मी त्यांना आधी जाण्याची खूण केली. त्यांनी ब्रेक दाबला.

"व्हा पुढं. तुमच्या आदी मी पोचलो तर माजं काम ऱ्हायलं ना!"

मिसळीची शेवटची प्लेट मला मिळाली. मालकाने त्यांच्यासमोर न विचारताच नेहमीचा चहा आणि पाव ठेवला.