पत्रिकांचा पांढरा कागद
परवा डॉक्टरांनी पायाच्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्याचा पांढरा फेस आला आणि मला कोकणातल्या पावस गावच्या घराची पडवी आठवली. बचत गटात मी हातकागद करायला शिकले होते. रद्दी भिजवून, वाटून लगदा करायचा. पण छापील शाईमुळे कागद नेहमी राखाडीच निघे. पुण्यात नोकरी करणारी माझी लेक म्हणाली होती, "आई, माझ्या लग्नाच्या पत्रिका तुझ्याच कागदावर छापायच्या, पण पांढऱ्या हं." घरात मी एकटीच, म्हणून रोज त्या लगद्याशीच झटायची. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि हेच पेरॉक्साइड घालून ढवळायचं, मग धूत राहायचं. एका दुपारी शेवटी खवलेल्या खोबऱ्यासारखा पांढरा लगदा हाती आला. हात पुसून मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, रागावू नकोस. आम्ही काल रजिस्टर लग्न केलं. पत्रिका नकोत आता." मी "सुखी राहा" म्हटलं आणि लगदा वाया जाऊ नये म्हणून जाळीवर त्याचे कागद गाळून उन्हात घातले. तेवढ्यात शेजारच्या काकी कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी आल्या. "केवढा पांढरा झालाय गो! लग्नाच्या पत्रिकांना हवा तसा! कुणाच्या?" "आहेत एकीच्या लेकीच्या," मी म्हटलं. "लग्न कुठे?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगतच सुटले: हॉल, सनई, पंगतीतली फणसाची भाजी, नवरीची पिवळी अष्टपुत्री साडी. काकी गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. लेक आज सुखात आहे, फोनही करते. पण तिचं लग्न मी केलं ते त्या दुपारी गडग्यापाशी, तेवढंच.