वरच्या मजल्यावरचे हझानकाका

माणसाचा आवाज त्याच्या अंगापेक्षा मोठा असू नये असा एखादा कायदा असता, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे काका जन्मठेप भोगत असते. अंगकाठी अशी की वाऱ्याच्या दिवशी गच्चीवर जाऊ नका म्हणून सांगावं. आणि गळ्यातून निघणारा आवाज मात्र कुठल्या तरी पहिलवानाने वापरायला दिलेला आणि परत न्यायला विसरलेला. नांदेडला या सोसायटीत राहायला आलो, त्या पहिल्याच शुक्रवारी दिवेलागणीला तो आवाज छतातून खाली उतरला. शब्द एक कळेना. सूर मात्र ओळखीचा वाटावा असा. जरा भैरवीकडे झुकणारा, मध्येच ओवीसारखा सपाट होणारा. सासूबाई देवापाशी वाती वळत होत्या. त्या हात थांबवून म्हणाल्या, "कोण हाय हा? लई जीव लावून म्हणून राहिला."

दुसऱ्या दिवशी मला आणि सासूबाईंना ते जिन्यात भेटले. डोक्यावर छोटी गोल टोपी, हातात दुधाची पिशवी. "कालचा तो आवाज माझा. मी हझान," त्यांनी ओळख करून दिली. सासूबाईंनी ते 'अजान' असं ऐकलं आणि त्या बुचकळ्यात पडल्या, कारण दारावरच्या पाटीवर चांगलं कोकणातल्या गावाचं, 'कर' लावलेलं आडनाव होतं. मग काकांनी पायरीवरच बसून सगळं समजावून सांगितलं. ते कोकणातले मराठी यहुदी, बेने इस्राएल. त्यांच्या प्रार्थनालयात सगळ्यांच्या वतीने प्रार्थना गाणारा तो हझान. तरुणपणी गावच्या प्रार्थनालयात ते हे काम करत. पुढे रेल्वेची नोकरी लागली, मुदखेड जंक्शनला बदली झाली आणि मराठवाडा त्यांना चिकटला. "हझान म्हणजे गवई नव्हे हां," ते म्हणाले. "तो निरोप्या. घराघरातलं गाऱ्हाणं गोळा करायचं आणि वर पोचवायचं. सुरात का पोचवायचं? साध्या बोलण्यात माणूस खोटं बोलू शकतो. गाताना खोटं बोलला की लगेच बेसूर होतो."

नोकरीतही त्यांचा गळाच कामी आला. स्टेशनावर गाड्यांची माहिती सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. गाडी उशिरा धावते आहे ही गोष्ट ते अशा काही करुण सुरात सांगत की प्रवासी चिडायचं सोडून हळहळू लागत. एका म्हातारीने तर पदर डोळ्याला लावून शेजारणीला विचारलं होतं, "कोण गेलं गं?" निवृत्तीनंतर हा कान आणि गळा सोसायटीच्या वाट्याला आला. भाजीवाल्याला ते गॅलरीतून सांगत, "अरे, एवढ्या वरून का सुरुवात करतोस? मेथीपर्यंत पोचता पोचता घसा बसेल तुझा." आमच्या कुकरच्या शिट्टीचा सूर खाली उतरला हे त्यांनी वरून ओळखलं आणि रिंग बदलायला लावली. मासळी बाजारात खवले नसलेला मासा त्यांच्या धर्मात चालत नाही म्हणून ते प्रत्येक मासा उलटापालटा करून बघत. कोळीण वैतागून म्हणायची, "घेता का लग्न लावता त्याचं?"

एकच गोष्ट मात्र गमतीची नव्हती. त्यांच्या काही प्रार्थना अशा की दहा यहुदी पुरुष हजर असल्याशिवाय म्हणताच येत नाहीत. गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना त्यातलीच. पूर्वी लातूरला एक यहुदी मास्तर होते, नांदेडला रेल्वेत आणखी पाचसहा घरं होती, दहा कसेबसे जमत. ती माणसं गेली, पांगली. आणि मग काकूही गेल्या. काका गात गात त्या जागेपर्यंत येत आणि थांबत. प्रार्थना म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ डोळे मिटून गप्प उभे राहत आणि मग पुढची उचलत. खाली आमच्या स्वयंपाकघरातही तेवढा वेळ कोणी भांडं वाजवत नसे. हा नियम आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

असं सगळं सुरळीत चालू होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर एक नवे साहेब राहायला आले. त्यांनी एका शुक्रवारी जिन्यात उभं राहून काकांचा आवाज फोनवर टिपला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या सोसायटीत दर शुक्रवारी हे काय चालू आहे?' बस. शुक्रवार, टोपी, न कळणारी भाषा. लोकांनी आपापल्या परीने बेरीज केली. 'वर नमाज पढतात.' 'बाहेरून माणसं येतात.' 'खालचा दर्जी वर जाताना मी स्वतः पाहिलाय.' हा दर्जी म्हणजे तळमजल्यावरचे चाचा. ते काकांच्या पायजम्यांची नाडी बदलून द्यायला वर जात असत, एवढाच काय तो कट. जुने शेजारी बरेचसे घरं विकून गेले होते. जे उरले होते त्यांतले अर्धे काकांना ख्रिश्चन समजत आणि अर्धे पारशी, त्यामुळे छातीठोकपणे कोणी काही बोलेना.

मी ताबडतोब लिहायला घेतलं, 'काका यहुदी आहेत, गैरसमज नसावा.' पाठवण्याआधी त्यांना दाखवावं म्हणून वर गेले. काकांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पुसा ते."

"अहो काका, एका वाक्यात प्रकरण मिटतंय!"

"मिटतंय खरं. पण त्या वाक्याचा अर्थ काय होतो बघा. मी मुसलमान नाही म्हणून माझं चालेल. म्हणजे असतो तर चाललं नसतं. खाली चाचा मशीन चालवतायत. माझ्या सुटकेचं वाक्य त्यांनी वाचायचं का?"

मी पुसलं. पण त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. ग्रुपवर रोज नवं काही येई. जिन्यात माणसं बोलता बोलता गप्प होत. एका सकाळी चाचांच्या शटरवर कोणीतरी खडूने काही लिहून ठेवलेलं होतं. आम्ही खाली उतरेपर्यंत चाचांनी ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं होतं. काय लिहिलं होतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. थेट काकांकडे मात्र गेले. त्यांच्या पाठोपाठ मीही गेले.

"बोल देव ना साब," चाचा कळवळून म्हणाले. "आप यहुदी हैं, बोल देव, किस्सा खतम. कायकू अड़के बैठे? मेरे वास्ते?"

"तुमच्यासाठी कोण अडलंय?" काका एकदम चिडले. "मी माझ्यासाठी अडलोय!"

"अड़ो साब," चाचा हताशपणे म्हणाले, "मगर दुकान तो मेरी हैं ना नीचे." आणि उतरून गेले.

काका खुर्चीत बसून राहिले. त्यांचा हट्ट चाचांना महागात पडू शकतो, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मला कळत नाही हो. खरंच कळत नाही." एवढा मोठा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी अध्यक्ष चारजणांना घेऊन वर जाणार असं ग्रुपवर जाहीर झालं. अध्यक्ष म्हणजे मोंढ्यातले, धान्यबाजारातले आडते, माणूस तसा वाईट नव्हे, पण मागे माणसं उभी असली की त्यांना पुढे व्हावंच लागे. दुपारी मी काकांना विनवलं, "आज तरी दार लावून घ्या. हळू म्हणा."

"शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, म्हणजे आमची नवरी," ते म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी ती घरी येते. नवरी यायच्या वेळेला दार लावून घेतात का?"

सासूबाईंनी ते माझ्याकडून ऐकलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्या गुडघे धरत जिना चढून वर गेल्या. काकांच्या दाराशेजारच्या खुर्चीत बसल्या. "बघू कोण येतंय," म्हणाल्या. मी त्यांच्यामागे उभी. काकांनी दिवा लावला, पांढरी शाल खांद्यावर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. आवाज सुरुवातीला थरथरत होता. मला जिन्यावर चपला ऐकू येत होत्या. एक मजला. मग थांबल्या. मग पुन्हा. काकांनाही ऐकू येत असणार, कारण एका ओळीवर ते चक्क बेसूर झाले. पण थांबले नाहीत.

पाच माणसं दारात येऊन उभी राहिली. अध्यक्षांनी घसा खाकरला, "काका, जरा—"

नेमकं तेव्हाच गाण्याचं शेवटचं कडवं आलं. नवरीच्या स्वागताचं ते कडवं दाराकडे वळून म्हणायचं असतं आणि शेवटी दाराकडे बघून वाकायचं असतं. काका वळले. डोळे मिटलेले, दोन्ही हात जरा पुढे केलेले, चेहऱ्यावर घाम. पूर्ण आवाजात त्यांनी ते कडवं अध्यक्षांच्या तोंडावर म्हटलं आणि कमरेतून वाकून अभिवादन केलं. एवढ्या आदराने कोणी आपलं स्वागत करील याची अध्यक्षांना कल्पना नव्हती. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मागच्या चौघांनीही जोडले. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा फोन हातात होता, त्यामुळे त्यांना एकाच हाताने नमस्कार करावा लागला.

मला हसू फुटत होतं. तोवर काका त्या गप्प उभं राहायच्या जागी येऊन थांबले. खोलीत कोणी हलेना. अध्यक्ष हळूच म्हणाले, "विसरले काय?" मी दबक्या आवाजात सांगितलं, "इथं दहा माणसं लागतात. काकूंसाठीची प्रार्थना आहे. माणसं नाहीत म्हणून म्हणता येत नाही."

"माणसं न्हाईत कसे?" सासूबाई म्हणाल्या. "हे काय पाच उभे हायत. खालून आणखी बोलावते. म्हणा हो काका."

काकांनी डोळे उघडले. "नाही वहिनी. तुमची धरता येत नाहीत. नियम आहे."

"अय्यो, असा कसा नियम?"

"असाच आहे," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "तुम्ही काही सांगायला आला होतात."

अध्यक्ष चाचरले. "न्हाई, म्हणजे... ही भाषा कोन्ती? मुसलमानांची का?"

"असती तर काय सांगणार होतात?"

अध्यक्ष शेवटी खरं तेच बोलले. "आवाज कमी करा म्हणणार होतो."

"मग तसं सांगा. करतो कमी."

"कशाला कमी?" सासूबाई उसळल्या. "एकादशीला माझं भजन चालू ऱ्हातं, तवा येतोस का रे तू आवाज कमी करायला? आज हे कमी केलं तर उद्यापासून मी बी टाळ बंद करते. मग ये माझ्याकडं." अध्यक्षांच्या आई सासूबाईंच्याच भजनी मंडळात होत्या. त्यामुळे त्या वाक्यातली धमकी त्यांना पूर्णपणे कळली. "येतो काका," ते म्हणाले, आणि पाचही जण निमूट खाली उतरले. जाताना अध्यक्ष चाचांच्या दुकानाशी थांबले, शर्टाचं माप द्यायला. ते माप द्यायची त्यांना गरज होती असं मला वाटत नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात कोणीतरी शोध लावला की काका यहुदी आहेत, आणि ग्रुपचं वारं फिरलं. इस्राएलचे झेंडे आले, सलाम आले, रणगाड्यांची चित्रं आली. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी पेढे आणले आणि गच्चीवर क्षेपणास्त्रांविषयी चार शब्द बोलाल का म्हणून विचारलं. काका त्या दिवशी खरे खचलेले दिसले. "मी आयुष्यात अलिबागच्या पलीकडे समुद्र ओलांडलेला नाही," मला म्हणाले. "आधी मी जो नाही तो समजून ओरडले. आता मी जो नाही तो समजून टाळ्या वाजवतायत. माझं गाणं कोणी ऐकलं का हो?"

त्यानंतर काही महिन्यांत मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. गुडघ्यांचं कारण होतं, आणि ते खरंही होतं. निघताना चाचांनी स्वतः शिवलेला पांढरा सदरा त्यांच्या हातात ठेवला. मग काकांच्या अंगातल्या शर्टाची कॉलर नीट केली.

परवा फोन केला. "चांगलं आहे," काका म्हणाले. "प्रार्थनालय जवळ आहे. तरुण हझान आहे, गळा स्वच्छ. मी मागच्या बाकावर बसतो. माणसं भरपूर असतात, त्यामुळे हिच्यासाठीची प्रार्थनाही म्हणता येते आता." मी म्हणाले, फार छान झालं. मग ते म्हणाले, "घरीसुद्धा म्हणतो शुक्रवारी. वर, खाली, शेजारी माणसं राहतात. पण कोणी काही बोलत नाही. तक्रारसुद्धा नाही."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "मग जरा मोठ्यानं म्हणत जावा की काका!"



"आता तेवढा दम राहिला न्हाई, वहिनी," काका म्हणाले. इतकी वर्षं आमच्यात राहून कोकणातलं शुद्ध 'नाही' न सोडणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून आमच्याकडचं 'न्हाई' मी पहिल्यांदाच ऐकलं.