फोटोमामांनी रंगवलेली दोन बोटं

गल्लीत सगळेच त्यांना फोटोमामा म्हणत, अगदी त्यांच्या बरोबरीची माणसंसुद्धा. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यासमोर त्यांचा दीड खोलीचा स्टुडिओ होता. पुढे स्टूल आणि पडदा, मागे अंधारखोली. ओळखपत्रांचे फोटो काढून पोट भरायचं आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून कामगारांच्या घरांत, नळावर, कारखान्याच्या फाटकाशी हिंडायचं, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. एक प्रत घरच्यांना फुकट, एक स्वतःकडे, मागे तारीख टाकून. आणि ऐट काय विचारता! कोणी केस विंचरायला उठला की खेकसायचे, "बस खाली! मी नवरदेवांचे फोटो काढत नाही, माणसांचे काढतो. आहेस तस्सा बस."

पण मामांना एक खोड होती आणि ती त्यांनी मागच्या खोलीत दडवून ठेवली होती. बारीक ब्रश घेऊन कोणाच्या डोळ्यांखालचं काळं उजळायचं, कोणाचा फाटका खांदा रंगाने शिवून टाकायचा. आपल्या माणसांनी केविलवाणं का दिसावं, अशी ते स्वतःचीच समजूत घालत. बाहेर मात्र चकार शब्द नाही.

प्रेस मशीनवरच्या एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं, पार मुळापासून. कारखान्याच्या दवाखान्यात मलमपट्टी झाली, पण अपघातांच्या वहीत नोंद कोणी केली नाही. दोन महिन्यांनी मामा त्याच्या घरी गेले, तेव्हा तो तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन, तिच्या पोटावर तोच हात ठेवून बसला होता. मामांनी फोटो काढला. छापून बघितला आणि त्यांचा जीव कळवळला. बापाचा असा हात पोरीने जन्मभर बघायचा? घेतला ब्रश! डाव्या हाताकडे बघून बघून उजव्याला दोन बोटं काढली, नखांसकट. दोन्ही प्रतींवर. काम असं बेमालूम झालं की मामा स्वतःवरच खूश. त्याची प्रत त्याला दिली, तेव्हा तो काही बोलला नाही. मामांना वाटलं, गहिवरला असेल.

पुढच्या वर्षी कामगार संघटनेने आपल्या सभागृहात मामांच्या चाळीस फोटोंचं प्रदर्शन मांडलं. दारावर फलक: 'आमची माणसं, आहेत तशी'. प्रत्येक फोटोखाली तारीख. कारखान्याचे साहेबही आले होते. बाप-लेकीच्या ज्या फोटोत बाकी कोणी बोटं मोजली नव्हती, त्याच्यापुढे ते जरा जास्तच रेंगाळले, आणि आमच्या मामांची छाती फुगली! काय म्हणावं या माणसाला.

त्या कामगाराला आता मशीन झेपत नव्हतं. त्याने बसून करायचं काम मागितलं. कामावर इजा झाली असेल तर ते देणं कारखान्याला भाग होतं. चौकशी बसली, मामांनाही बोलावलं, आणि साहेबांनी प्रदर्शनातला तोच फोटो टेबलावर ठेवला.

"अपघात झाला म्हणतो, त्यानंतर दोन महिन्यांचा हा फोटो. पाचही बोटं शाबूत. आमच्या मशीनवर गेली कशी मग?"

"साहेब, ती बोटं मामांनी रंगवलीत," कामगार म्हणाला.

साहेब हसले. "हे? हे तर कोणाला केससुद्धा विंचरू देत नाहीत."

चौकशी अधिकाऱ्याने मामांकडे बघितलं. मामांची पाचावर धारण बसली. मागे अख्खी संघटना बसलेली. हो म्हणावं तर पंचवीस वर्षांची पत मातीत जाणार. "आता... आठवत नाही नक्की," मामा पुटपुटले, "निगेटिव्ह शोधावी लागेल." ती कुठल्या खोक्यात आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

पंधरा दिवसांची मुदत मिळाली. तोवर त्या कामगाराला फाटकातून आत घ्यायचं नाही असं ठरलं. फाटक स्टुडिओच्या समोरच. तो रोज सकाळी येऊन उभा राहायचा, हात खिशात घालून, आणि मामा पडदा ओढून घ्यायचे.

दहाव्या दिवशी त्याची बायको आली. मामांना वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं! ती पदर खोचून म्हणाली, "मामा, ह्यांना लोक लबाड म्हणायला लागलेत हो. तुमची खोकी किती आहेत? मी येते शोधू लागायला." मामांना तिच्याकडे मान वर करून बघवेना. ती गेल्यावर ते अंधारखोलीत जाऊन बसले आणि त्यांना स्वतःची किळस आली.

पुढच्या तारखेला मामांनी निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावली. तीन बोटं. "ही दोन मी रंगवली," ते म्हणाले. "आणि मागच्या वेळी खोटं बोललो. निगेटिव्ह कधी हरवलीच नव्हती."

"आणखी किती फोटोंना रंग लावलात?"

"एकोणीस."

मागे बसलेल्यांतून गल्लीत घरोघरी धुणी धुणाऱ्या मावशी उठल्या. "माझ्या आईच्या फोटोला?"

"पुढचे दोन दात," मामा म्हणाले. कोणीतरी फिसकन हसलं. मावशी हसल्या नाहीत. मामांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

त्या कामगाराला झाकणं तपासायचं बसून करायचं काम मिळालं. त्या रविवारी मामा कॅमेरा घेऊन त्याच्या दारात गेले. लेक आता दुडुदुडु चालत होती.

"चल, पोरीला घे मांडीवर. नवा फोटो काढू. आहे तस्सा, देवाशप्पथ."

त्याने उजवा हात खिशात घातला. "नको, मामा."

"अरे, चुकलो मी. चारचौघांत कबूल केलं ना?"

"केलंत. माझं कामही झालं." तो रागावलेला नव्हता. "पण बोटं गेली तरी मी ह्याच हाताने हिला बाहेर ओट्यावर खेळवायचो. कधी काही वाटलं नाही. तुम्ही बोटं रंगवून फोटो आणून दिलात, तेव्हा मला कळलं की हा हात लपवायचा असतो."

पोर बापाच्या खिशात आपला हात कोंबून त्याचा हात बाहेर ओढत होती, आणि तो काही काढत नव्हता.