चुलीमागची भिंत

नेऱ्याच्या हैबतरावानं छप्पन्न साली नवं घर बांधलं आणि त्याचे पाय जमिनीला लागेनात. वर मंगलोरी कौलं, कौलांखाली सागवानी फळ्यांची तक्तपोशी, तीही थेट चुलीवरपर्यंत. जुन्या घरात धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जाई. इथं त्याला वाटच नव्हती. मागच्या भिंतीला खिडकी नव्हती, कारण मागं भावकीचं परसू होतं, आणि आपल्या चुलीवर काय शिजतंय ते भावकीनं बघावं हे हैबतरावाला खपणारं नव्हतं.

भिंत चढत होती तेव्हाच त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, चुलीमागं बोट ठेवलं होतं.

"आवं, हितं एक झरोका ठेवा. धूर कुटनं जाईल?"

"भावकीच्या तोंडावर भोक पाडू व्हय?" हैबतराव म्हणाला. विषय संपला.

दोन पावसाळ्यांत गोजराबाईला दम लागायला लागला. डोळे लाल, रात्रंदिवस खोकला. सासूनं तिचं ताट वेगळं केलं आणि गावानं क्षय म्हणून टाकलं. पौडच्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं, "क्षय नाही. घरातला धूर बाहेर काढा." वाटेत हैबतराव म्हणाला, "धूर कुणाच्या घरात न्हाई? डॉक्टरला काय कळतंय." घराचं कौतुक डोळ्यांवर चढलं की घरातलं माणूस दिसत नाही.

त्यानं तिला जांब्याला माहेरी पोचवलं. तिथं कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. भावजयीच्या चुलीपुढं बसून ती भाकरी थापायची, तरी पुढच्या दिवाळीपर्यंत खोकला पार गेला. अंगावर मूठभर मांस चढलं. बाई हरखली. आता आपलं घर, आपली चूल, असं म्हणत बोचकं बांधून ती नेऱ्याला निघाली.

दारात लीलाबाई उभी होती. हैबतरावानं दुसरी बायको केली होती आणि गोजराबाईला कुणी कळवलंही नव्हतं. कोवळी पोर, डोळे लालभडक. "कोण पायजे?" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि पदर लावून खोकत सुटली. तो खोकला गोजराबाईनं ओळखला.

तिनं उंबरा ओलांडला नाही. ओटीवर बसलेल्या हैबतरावाला म्हणाली, "हिलाबी क्षय झालाय. हिला कवा धाडताय माहेरी?"

एका घरात दोन बायकांना क्षय झाला असं सांगितलं तर गाव हसणार, एवढं हैबतरावाला कळलं. त्या भीतीनं त्यानं गवंडी बोलावला.

पुढं माहेराहून बाजाराला जाताना भावकीच्या परसापलीकडच्या वाटेवरून गोजराबाईला तो झरोका दिसायचा. तिनं बोट ठेवलं होतं बरोबर तिथंच पाडला होता आणि लीलाबाईच्या चुलीचा धूर त्यातून निघत असायचा. वीतभर तर भोक. ते वेळेवर पाडलं असतं, तर ती चूल अजून तिचीच असती.