भाजल्या हातावरची जाई

बावन्नाव्या वर्षी मी हातावर टॅटू काढून घेऊन घरी आले, तेव्हा आईने कपाळावर हात मारला. "डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं?"

होतं की ठिकाणावर! विशीत असताना चकल्या तळायच्या दिवशी कढई कलंडली आणि माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ऐन एप्रिलमध्येसुद्धा लांब बाह्या. ऑफिसात, लग्नाकार्यात, सगळीकडे. वीट आला होता मला. त्या डागावरून जाईची वेल चढवायची, एवढंच मनात होतं.

मारतहळ्ळीच्या कानडी टॅटूवालीने आधीच बजावलं होतं, "अक्का, भाजलेली कातडी आहे, रंग धरेलच असं नाही. एकदाच करून बघू. खपली आपोआप पडू द्यायची. स्वल्पसुद्धा खाजवायचं नाही. नखाने काढलीत तर रंगही तिच्याबरोबर जाईल." पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण दरारा हेडमास्तरणीचा. मला आवडली.

मग काय, दिवसातून दोनदा कोमट पाण्याने हात धुवायचा, पुसायचा नाही, नुसता टिपायचा. मलम अगदी पातळ. ऊन नको, घट्ट बाही नको. कुठल्या देवाचंही एवढं सोवळं मी कधी पाळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाले. जाग आली तर हात चिकट आणि पिवळाधम्मक! शेजारी आई, हातात हळद-तेलाची वाटी. तिच्या मनगटावर लहानपणीचं गोंदण आहे. त्यावर तेव्हा हळदच लावली होती, म्हणून इथेही तोच इलाज.

"अगं, काय केलंस हे!" मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. मी रडत रडत टॅटूवालीला फोन लावला. ती म्हणाली, "साबणाने हलकेच धुवा, चोळू नका. आता फक्त थांबायचं." "सरी," मीही तिच्याच कानडीत बरं म्हटलं. दुसरं म्हणणार काय?

पुढे खाज सुटली. देवा रे, ती खाज! वैऱ्यालाही नको. मी डाव्या हाताची नखं कापली, झोपताना त्या हातात मोजा चढवला. आणि हळद लावणारी आमची आई आता पहारेकरी झाली. माझं बोट जरा हललं की स्वयंपाकघरातून आवाज, "हात खाली!"

दुसऱ्या आठवड्यात खपल्या गळू लागल्या आणि खालची वेल धुरकट दिसायला लागली. गेला रंग, असं म्हणून मी दोन दिवस नीट जेवले नाही. कुणी काही विचारलं की वसकन अंगावर जायची.

महिना होत आला होता. एका सकाळी हात धुतला, टिपला, खिडकीशी नेला. पान न पान हिरवंगार. कळीची रेघसुद्धा कुठे तुटलेली नव्हती. धरला रंग! जिंकले मी! टॉवेल डोक्यावर फिरवत मी बाथरूमबाहेर नाचत आले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आईला घेऊन जयनगरला गेले. आखूड बाह्यांचा ब्लाउज घेतला आणि तिथेच घालून बाहेर पडले. बत्तीस वर्षांनी हाताला वारा लागत होता. मी मुद्दाम हात हलवत, भर गर्दीतून ऐटीत चालले.

कॉफी प्यायला बसलो. आई म्हणाली, "त्या दिवशी कढई मीच नीट ठेवली नव्हती गं. तुझ्या या हाताकडे मला कधी सरळ बघवलंच नाही."

मला हे ठाऊकच नव्हतं. हात तिच्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मग आता बघ की. डोळे भरून बघ."

आईने पदराने चष्मा पुसला, माझा हात जवळ ओढला आणि मनगटापासून वर एकेका पानावरून हळूहळू बोट फिरवायला लागली.