दुसरा गिअर टाका

गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शिकणाऱ्याच्या हाताला घाम फुटला की मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मुलं काय करतात, उकाडा किती वाढलाय, गाडी कुठली घेणार. बोलता बोलता माणूस भीती विसरायचा आणि क्लच नीट सोडायचा. उत्तरांकडे मास्तरांचं लक्ष नसायचंच. डोळे रस्त्यावर असायचे.

एकदा साठीला टेकलेल्या एक ताई शिकायला आल्या. मास्तरांनी सवयीने विचारलं, आत्ताच कसं काय मनावर घेतलंत?

"यांना रस्ते आठवेनासे झालेत," ताई म्हणाल्या. "परवा घरासमोरून पुन्हा पुन्हा गाडी नेली, पण थांबले नाहीत. मी गॅलरीतून हाका मारत होते."

मास्तरांनी रस्त्यावरची नजर काढून ताईंकडे पाहिलं. काहीतरी बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "दुसरा गिअर टाका."

घरी बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, मग उद्या तुम्हीच विचारा की, यजमान कसे आहेत. मास्तर मनात वाक्यं जुळवत गेले. पण ताईंनी आधीच उकाड्याचा विषय काढला, मग पेट्रोलचा, मग खड्ड्यांचा. यजमानांबद्दल विचारलं की "चाललंय" म्हणायच्या आणि आरशात बघायच्या. मास्तरांची विद्या मास्तरांवरच उलटली होती. परवाना मिळाला, ताई आभार मानून गेल्या.

काही महिन्यांनी त्या परत आल्या. गाडी मागे घ्यायला अजून जमत नव्हतं. मोकळ्या मैदानात मास्तर एकदम म्हणाले, "ताई, तेव्हा मला काही सुचलं नाही. घरी कसं आहे, खरं सांगा."

ताईंनी इंजिन बंद केलं.

"मागच्या सीटवर बसतात. मला ड्रायव्हर समजतात. काल उतरताना म्हणाले, बाई, छान चालवता हो गाडी. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मग?"

"मग काय? म्हटलं, नवरा असतो."

ताईंनी चष्मा काढून पुसला. या वेळी विषय बदलावा असं मास्तरांना वाटलं नाही, पण देण्यासारखं काही जवळही नव्हतं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. ताईंनी ती घेऊन नुसतीच मांडीवर ठेवली.

"घेऊ मागे?" ताईंनी इंजिन सुरू करून विचारलं.

"घ्या," मास्तर म्हणाले. "सावकाश."